मृतांची ठेव

लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनचा निळा कोट जपून ठेवला आहे. 21 ऑक्टोबर 1805 रोजी, ट्रफल्गारच्या लढाईत, ‘व्हिक्टरी’ जहाजावर तो त्याच्या अंगात होता. डाव्या खांद्यावर, सोनेरी स्कंधभूषणाच्या शेजारी, फ्रेंच बंदूकधाऱ्याच्या गोळीने पडलेले भोक आजही दिसते. बाहीवर आणि मागच्या घोळावर रक्ताचे डाग आहेत. पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की हे रक्त नेल्सनचे. संग्रहालयाची नोंद मात्र सांगते की ते बहुधा नेल्सनचा चिटणीस जॉन स्कॉट याचे आहे. स्कॉट त्याच दिवशी थोडा आधी तोफगोळ्याने मारला गेला होता, आणि जिथे त्याचे रक्त सांडले होते त्याच जागी नेल्सन कोसळला. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नौदल अधिकाऱ्याच्या कोटावर एका कारकुनाच्या मरणाची खूण आहे, आणि ती कोणाची हे कोट स्वतः सांगू शकत नाही. ते कोणीतरी शोधले, लिहिले आणि जपले म्हणून आपल्याला कळते. युद्धातल्या नौदल अधिकाऱ्यांच्या दुर्बिणी, कट्यारी, घड्याळे, टोप्या, पदके आणि सेक्स्टंट जमवणारे लोक जगभर आहेत. लिलावांत या वस्तूंना मोठ्या किमती येतात. मरणाच्या छायेत वापरलेली परक्याची वस्तू जवळ बाळगणाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या किमतींपेक्षा कितीतरी जुना आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

माणूस गेल्यावर त्याने वापरलेल्या वस्तूला जपणे ही कोणा एका देशाची किंवा पंथाची लहर नव्हे. बौद्ध परंपरेने पूज्य अवशेषांचे तीन प्रकार मानले: शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. पैकी पारिभोगिक म्हणजे बुद्धाने वापरलेल्या गोष्टी; भिक्षापात्र, चीवर, ज्याच्या छायेत बोधी झाली तो वृक्ष. सज्जनगडावर समर्थ रामदासांचा पलंग आणि कुबडी पाहताना भाविकाचे हात आपोआप जुळतात. 9 जानेवारी 1806 रोजी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये नेल्सनच्या दफनाच्या वेळी ‘व्हिक्टरी’च्या खलाशांनी जहाजाचा ध्वज शवपेटीवर ठेवण्याआधी त्याचा मोठा तुकडा फाडून आपसांत वाटून घेतला. त्यांना कोणी हे शिकवले नव्हते. स्पर्श झालेल्या वस्तूत माणसाचे काहीतरी उरते, ही समजूत इतकी खोल आहे की तर्काने ती उपटून निघत नाही. मग संग्राहकालाही याच परंपरेत बसवून मोकळे का होऊ नये? एकाला संताची कुबडी पवित्र, दुसऱ्याला कप्तानाची दुर्बीण प्रिय. भाव तोच, फक्त दैवत निराळे, असे कोणी म्हणेल.

मला ही तुलना अपुरी वाटते. संताची वस्तू पूज्य ठरते, कारण ती वापरणाऱ्याचे जीवन पूज्य मानलेले असते. वस्तूचे मोल तिथे माणसाच्या शीलातून येते. युद्धातल्या अधिकाऱ्याबाबत हा आधार हाती लागत नाही. इंग्लंडमधील श्रूझबरीच्या किल्ल्यात, श्रॉपशरच्या सैनिकांच्या संग्रहालयात, जर्मन नौदलाचा सेनापती कार्ल डोनिट्झ याचा अधिकारदंड ठेवलेला आहे. 23 मे 1945 रोजी फ्लेन्सबुर्ग येथे त्याला अटक झाली तेव्हा तो दंड ब्रिटिशांच्या हाती लागला. डोनिट्झ हिटलरचा वारस होता. न्युरेम्बर्गच्या न्यायालयाने त्याला 10 वर्षांची शिक्षा दिली. त्या दंडापुढे हात जोडायचे का? दुसरीकडे ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेचा कप्तान हान्स लांग्सडोर्फ आहे. त्याने एकामागून एक व्यापारी जहाजे बुडवली, पण त्यांवरचा एकही खलाशी मरू दिला नाही. डिसेंबर 1939 मध्ये माँटेव्हिडिओजवळ स्वतःची नौका बुडवून त्याने आपल्या माणसांना निरर्थक मरणातून वाचवले आणि तीन दिवसांनी ब्वेनोस आयरिस येथे ध्वजावर आडवे होऊन स्वतःला गोळी घातली. दोघांचे नौदल एक, गणवेश एक, कमरेची कट्यार एकाच घाटाची. वस्तूकडे पाहून शील ओळखता येत नाही. म्हणून वापरणाऱ्याच्या शीलावर वस्तूचे पावित्र्य उभे करणारा नियम इथे चालणार नाही. वस्तू ज्याच्या हाती आज आहे त्याच्या वागणुकीवर आधारलेला नियम शोधावा लागेल.

तो नियम आपल्या जुन्या न्यायविचारात सापडतो. स्मृतिकारांनी दाव्यांचे जे अठरा विषय मोजले, त्यांत ऋण पहिले, निक्षेप म्हणजे ठेव दुसरी आणि अस्वामिविक्रय म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री तिसरी. या ग्रंथांतली जन्मावरून माणसाची उतरंड लावणारी वचने टाकून देण्याजोगीच आहेत. पण ठेवीविषयीचा त्यांचा विचार कोणत्याही जातीवर उभा नाही, आणि तो आजही खणखणीत आहे. ठेव घेणारा मालक होत नाही. ती त्याने जपावी, मागितल्यावर जशीच्या तशी परत करावी. धन्याच्या संमतीवाचून तिच्यावर आपली उपजीविका करणारा दंडास पात्र, आणि त्याने मिळवलेला नफाही परत द्यावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. विकत घेणाऱ्यालाही तिथे मोकळे सोडलेले नाही. ज्याच्याकडे अशी वस्तू असणे संभवत नाही अशा माणसाकडून, गुपचूप, अगदी कमी किमतीत, अवेळी वस्तू घेणारा चोरच गणला जातो. माझे म्हणणे एवढेच की युद्धातल्या माणसाची वैयक्तिक वस्तू ही अशी ठेव आहे. ती ठेवणाऱ्याने स्वतःच्या हाताने दिलेली नसते. मरणाने किंवा पराभवाने ती परक्याच्या हाती पडलेली असते. म्हणून तिच्यावरचा आपला हक्क सर्वांत कमी आणि तिच्याविषयीची जबाबदारी सर्वांत जास्त.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मी पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू माझी झाली. कायद्याने ती झाली असेलही. पण साखळीच्या पहिल्या कडीकडे पाहायला हवे. 1929 च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याच्या शस्त्रांवर, लष्करी सामानावर आणि लष्करी कागदपत्रांवर जेत्याचा हक्क मान्य केला; वैयक्तिक वस्तू मात्र कैद्याकडेच राहाव्यात, दर्जाची चिन्हे आणि पदके काढून घेऊ नयेत, असे स्पष्ट लिहिले. 1949 च्या करारांनी हे अधिक तपशिलाने मांडले. समुद्रावरील जखमी आणि बुडालेल्यांसाठीच्या दुसऱ्या कराराने मृतांच्या अंगावर सापडलेल्या, भावनिक मोल असलेल्या वस्तू त्यांच्या पक्षाकडे पोहोचवण्याचे बंधन घातले. याचा अर्थ एकाच अधिकाऱ्याच्या अंगावरच्या वस्तूंचे न्यायाने दोन भाग पडतात. कमरेची कट्यार शस्त्र म्हणून जप्त होऊ शकते. मनगटावरचे घड्याळ आणि छातीवरचे पदक नाही. नौदलाच्या दुर्बिणीवर सरकारी शिक्का असेल तर ती अधिकाऱ्याची नसून राज्याची. बाजारात मात्र या सगळ्या वस्तू एकाच टेबलावर एकाच नावाने विकल्या जातात, आणि कोणती न्यायाने आली व कोणती कैद्याच्या मनगटावरून ओरबाडली गेली हा भेद पुसला जातो. विकत घेणाऱ्याने निदान हा प्रश्न विचारायला हवा. तो न विचारणे म्हणजे अस्वामिविक्रयाला हातभार लावणे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आपल्या संतपरंपरेतूनच येतो. देहच जिथे टाकून द्यायचा तिथे देहावरच्या चिंध्यांचे कौतुक कशाला? आत्मा कोटात नाही, कट्यारीत नाही. मृताला त्यांची गरज नाही. त्यांना चिकटणे हा मोह आहे, आणि ईशावास्य उपनिषद पहिल्याच मंत्रात कोणाच्याही धनाची हाव धरू नका असे सांगते. या आक्षेपातले मूळ विधान मला मान्य आहे: मृताला वस्तूची गरज नाही. पण त्यावरून वस्तूविषयी कोणतेच कर्तव्य नाही, असे निघत नाही, कारण कर्तव्य मागे उरलेल्यांशी असते. दुसऱ्या महायुद्धात मायदेशाबाहेर मेलेल्या सुमारे 24 लाख जपान्यांपैकी 11 लाखांहून अधिक जणांचे अवशेष आजवर घरी परतलेले नाहीत. जपानी सैनिक आणि नाविक आप्तांच्या व गावकऱ्यांच्या सह्या असलेला लहान ध्वज अंगावर घेऊन निघत. जेत्यांनी ते हजारोंनी आठवण म्हणून नेले. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात 2009 मध्ये सुरू झालेली ओबॉन सोसायटी असे ध्वज शोधून कुटुंबांकडे परत पाठवते. आजवर शेकडो ध्वज परत गेले आहेत. ज्या घरात अस्थीसुद्धा आली नाही, तिथे तो ध्वज म्हणजे माणसाचे परत येणे असते. हा मोह म्हणावा, तर मग तर्पणही मोहच. पिढ्यान्‌पिढ्या नाव घेऊन पाणी सोडणाऱ्या समाजाला या भावनेची टवाळी करता येणार नाही. उपनिषदाने निषेध केला तो हावेचा, जपणुकीचा नव्हे. आणि ठेव म्हणून जपलेल्या वस्तूत हाव उरत नाही, कारण ती परत देण्याची तयारी मनात आधीच असते.

तिसरा आक्षेप राष्ट्राच्या आणि न्यायाच्या नावाने घेतला जातो. शत्रूची, त्यातही अत्याचारी राजवटीची चिन्हे असलेली वस्तू जपणे म्हणजे त्या राजवटीला मान देणे. ती वितळवून टाकावी. ‘ग्राफ श्पे’च्या मागच्या भागावर बसवलेला, नखांत स्वस्तिक धरलेला काशाचा अवजड गरुड 2006 मध्ये समुद्रातून वर काढला गेला. दीर्घ न्यायालयीन वादानंतर उरुग्वेच्या राष्ट्राध्यक्षांनी 2023 मध्ये तो वितळवून त्याचे शांतीचे कबूतर घडवण्याची घोषणा केली आणि विरोध झाल्यावर काही दिवसांतच ती मागे घेतली. घोषणेमागचा हेतू उदात्त होता, पण मागे घेणेच योग्य होते. वितळवलेल्या धातूला साक्ष देता येत नाही. ती राजवट खरोखर होती, तिने माणसांच्या कमरेला कट्यार आणि जहाजाच्या पाठीवर गरुड बांधला होता, हे पुढच्या पिढीला दाखवायचे तर पुरावा हवा. मिरवणे आणि दाखवणे यांत मात्र फरक आहे, आणि जर्मनीच्या दंडसंहितेने तो नेमका ओळखला आहे. अशी चिन्हे जाहीरपणे वापरणे तिथे गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन आणि कला यांना सूट आहे. ही रेषा फक्त कायद्याची नाही. ज्या दिवाणखान्यात 1938 नंतरच्या घाटाची, मुठीवर गरुड असलेली जर्मन कट्यार शोभेसाठी टांगली जाते आणि तिच्यामागची एकही ओळ सांगितली जात नाही, तिथे ठेवीचे रूपांतर शृंगारात होते. त्याच कट्यारीशेजारी जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे 40 हजारांपैकी जवळपास 30 हजार माणसे परतली नाहीत हे लिहिलेले असेल, आणि त्यांनी बुडवलेल्या जहाजांवरचे खलाशीही आठवले जात असतील, तर तीच वस्तू विवेक जागा करते.

इथे माझ्या मुद्द्याचा गाभा येतो. मृताच्या ठेवीत सर्वांत आधी नष्ट होते ती तिची हकिकत. धातू शतके टिकतो, कापड जपले तर टिकते. कोणाची, कुठली, कशी आली, हे एका पिढीत विसरले जाते. हकिकत गेली की वस्तूत फक्त माल उरतो. नेल्सनला 1798 च्या नाईलच्या लढाईनंतर तुर्की सुलतान तिसरा सेलीम याने हिऱ्यांचा तुरा दिला होता. 1929 मध्ये तो राष्ट्रासाठी विकत घेण्यात आला आणि 1951 मध्ये ग्रिनिचच्या संग्रहालयातून चोरीला गेला. नंतर तो कधीच सापडला नाही. चोराला त्यात हिरे दिसले असणार. हकिकत न जाणणारा संग्राहक आणि तो चोर यांची नजर एकच असते, कृत्य वेगळे असले तरी. उलट नेल्सनच्या कोटाचा माग एकेक पायरीने लावता येतो. नेल्सनच्या मृत्यूनंतर तो त्याची प्रेयसी एमा हॅमिल्टन हिच्याकडे गेला. ती कर्जात बुडाली तेव्हा तो लंडनच्या एका ऑल्डरमनकडे, म्हणजे नगरसभेच्या ज्येष्ठ सदस्याकडे, कर्जापोटी गेला. 1845 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याने तो 150 पौंडांना घेऊन ग्रिनिच रुग्णालयाच्या स्वाधीन केला. ही साखळी होती म्हणून स्कॉटचे रक्त स्कॉटचे राहिले.

हकिकतीत लबाडी शिरली तर ठेवीचा अपहार दुहेरी होतो. जर्मन नौदलाच्या कट्यारी युद्धानंतर जुन्या उरलेल्या भागांतून जोडल्या गेल्या, नव्याही घडवल्या गेल्या. सामान्य खलाशाच्या वस्तूला नामांकित कप्तानाचे नाव चिकटवले की किंमत अनेक पटींनी चढते. अशा नावचिकटवणीत एका मृताचे जगणे पुसून त्यावर दुसऱ्याचे लिहिले जाते. या बाबतीत प्रामाणिकपणा कसा असावा हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, तेव्हा हीच ती अफझलखानाच्या वधाची वाघनखे असे सिद्ध करता येत नाही, हे खुद्द त्या संग्रहालयाने सांगितले. काहींना ते रुचले नाही. पण श्रद्धेला खोट्या नोंदीची गरज पडू नये. जिथे पुरावा थांबतो तिथे नोंदही थांबली पाहिजे. हकिकत जाणून घेण्याला साधे व्यावहारिक कारणही आहे. महायुद्धातल्या नौदलांच्या अनेक घड्याळांवर अंधारात आकडे दिसावेत म्हणून रेडियमचा रंग लावलेला असे. त्या रंगाचे चमकणे केव्हाच थांबले आहे, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचे. चकाकी संपली म्हणून वस्तू निरुपद्रवी झाली असे समजणारा स्वतःला आणि घरच्यांना धोक्यात घालतो. युद्धातून आलेल्या वस्तूंच्या अर्थाबाबतही असेच आहे.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. अधिकाऱ्यांच्याच वस्तू का? इतिहासात आधीच ज्यांची नावे आहेत त्यांचीच घड्याळे आणि टोप्या जपून संग्राहक उतरंड अधिक पक्की करत नाहीत का? हे खरे आहे. अधिकाऱ्याची वस्तू नावाची, चांगल्या घडणीची, जपलेली असते. खलाशाची झिजून जाते. ब्रिटिश अमलातल्या भारतीय नौदलात रत्नागिरीकडच्या कोकणी माणसांची, विशेषतः कोकणी मुसलमानांची, भरती दीर्घकाळ होत राहिली. त्या खलाशांच्या किती वस्तू आज नोंदींसह जपलेल्या आहेत? पण या आक्षेपाचे उत्तर अधिकाऱ्याची वस्तू फेकून देणे हे नाही. तिच्या हकिकतीत इतरांना जागा देणे हे उत्तर आहे. नेल्सनच्या कोटाने स्कॉटला जागा दिली, तशी. कप्तानाची दुर्बीण ज्याच्याकडे आहे त्याने त्या जहाजावरच्या सर्व माणसांची यादी शोधणे, हा त्या दुर्बिणीचा धर्म मानावा.

आणि ठेवीचा विचार करताना संग्रहाची मर्यादाही मान्य करायला हवी. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ ही नौका पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि ते जहाजावरच राहिले, असे वाचलेल्यांनी सांगितले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्या अधिकाऱ्याच्या आयुष्यातली सर्वांत अर्थपूर्ण वस्तू म्हणजे ते जाकीट, आणि त्याचा अर्थ ते त्यांच्याजवळ न राहण्यातच होता. ते कोणाच्या कपाटात नसले म्हणून काही उणे होत नाही. समुद्रतळावरच्या युद्धनौका या समाध्या आहेत. ब्रिटनने 1986 मध्ये खास कायदा करून अशा जागांना संरक्षण दिले. तरीही जावा समुद्रात 1942 साली बुडालेल्या डच आणि ब्रिटिश नौकांचे सांगाडे भंगारासाठी लुटले गेल्याचे 2016 मध्ये उघड झाले. हातात आलेली ठेव जपावी. जी समुद्राने आपल्याकडे ठेवली आहे ती उकरू नये.

म्हणून माझा निष्कर्ष असा: युद्धातल्या नौदल अधिकाऱ्याची वस्तू जमवणे हे पाप नाही आणि पुण्यही नाही. ते विश्वस्तपण आहे, आणि विश्वस्ताची परीक्षा धनी मागायला येऊ शकत नाही तेव्हाच होते. मुंबई, पुणे, कोकण आणि गोव्यात नौदलात राहिलेल्या माणसांची घरे थोडी नाहीत. अशा घरात आजोबांचा बिल्ला, घड्याळ किंवा परदेशातून आलेली एखादी दुर्बीण असेल, तर ती चकचकीत करण्याआधी एक कागद घ्या. वस्तू कोणाची, कोणत्या जहाजावरची, कोणाकडून कशी आली, हे माहीत असेल तितकेच आणि खरे लिहा. ज्याची खात्री नाही ते खात्री नाही असेच लिहा. मूळ माणसाचे वारस जगात कुठे असतील तर त्यांना शोधा, आणि त्यांनी मागितली तर देऊन टाका. कोणी मागायला आले नाही, तर तो कागद वस्तूसोबत पुढच्या पिढीच्या हाती द्या.